कापडव्यापाऱ्याचे घर : असिसीला निघण्यापूर्वी

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर असिसीला निघाले आहेत. संत फ्रान्सिसचे देहावसान ३ ऑक्टोबर १२२६ रोजी झाले. २०२६ हे त्याचे आठशेवे स्मृतिवर्ष. त्या निमित्ताने हा योग त्यांनी जुळवून आणला. रविवारच्या मिस्सानंतर दोघे चर्चच्या ओट्यावर मला भेटले. सर म्हणाले, "फादर, पाहण्याची यादी एजंटाने दिली आहे. वाचण्याची तुम्ही द्या." बाई लगेच म्हणाल्या, "आणि मला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सिनेमेही सांगा."

यादी मी दिली. परंतु देताना ध्यानात आले, की आपल्या खानदेशातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी असिसी प्रत्यक्ष पाहणारी किती निघतील? भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, जळगावात, धुळ्यात विखुरलेली आपली घरे. वसईसारखा गजबजलेला समाज आपल्या भोवती नाही आणि परदेशयात्रेएवढी शिल्लकही बहुतेकांपाशी नाही. बहुतेकांच्या बाबतीत पुस्तक आणि चित्रपट हीच यात्रा. म्हणून कोणती कृती आपल्याला कोणत्या असिसीत नेऊन सोडते, हे जरा कठोरपणे तपासून पाहायला हवे.

इटलीची सर्वसाधारण ओळख हवी असेल, तर मीना प्रभू यांचे 'रोमराज्य' हे दोन भागांतील प्रवासवर्णन हाताशी ठेवावे. तिकिटे, रस्ते, राजे आणि चित्रकार या सर्वांचा त्यांना सारखाच उत्साह आहे आणि तो वाचकाला लागतो. इटलीतील शहरे आपल्या भाषेला काही काल-परवा भेटलेली नाहीत. अंतोनियो साल्दान्य या येशूसंघीय धर्मगुरूने गोव्यात १६५५ साली पादुआच्या संत अंतोनीचे चरित्र मराठी ओव्यांत आणि कोकणी गद्यात लिहिले होते, आणि तो अंतोनी तर फ्रान्सिसच्याच संघातला. पण ते असो. आपल्याला जायचे आहे ते असिसीला.

असिसी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे पाखरांशी बोलणारा फ्रान्सिस येतो. माझ्या मते प्रवासाची सुरुवात पाखरांपासून करू नये, कापडापासून करावी. पिएत्रो बेर्नार्दोने हा असिसीचा सधन कापडव्यापारी. फ्रान्सच्या बाजारातून तो उंची कापड आणी. मुलगा जन्मला तेव्हा तो परगावीच होता. आईने बाळाचे नाव योहान ठेवले होते. परत आल्यावर बापाने फ्रान्सच्या प्रेमापोटी त्याला फ्रान्चेस्को म्हणायला सुरुवात केली. म्हणजे ज्या नावाने आज जग या संताला ओळखते, ते नावसुद्धा दुकानातूनच आले आहे. कापूस, जिनिंग, गाठी, दर, उधारी हे शब्द खानदेशी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे आणि अमळनेरच्या प्रताप मिलचे कापड ज्यांनी अंगावर घातले आहे, त्यांना बेर्नार्दोनेच्या दुकानाचा वाससुद्धा परका वाटणार नाही.

सान दामियानोच्या मोडक्या देवळात क्रूसावरील ख्रिस्ताने आपले घर सावरायला सांगितले, असे फ्रान्सिसला वाटले. त्याने दुकानातले कापड घोड्यावर लादले, फोलिन्यो गावी नेऊन विकले, घोडाही विकला आणि पैसे त्या देवळाच्या धर्मगुरूपुढे ठेवले. धर्मगुरूने ते घेतले नाहीत, तेव्हा त्याने ते खिडकीत टाकले. बापाने मुलाला घरात कोंडले. बाप गावाला गेल्यावर आई पिका हिने त्याला सोडले. मग १२०६ च्या सुमारास बिशप ग्विदो यांच्यासमोर निवाडा झाला. फ्रान्सिसने पैसे परत केले, अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पुढे ठेवले, आणि यापुढे आपला पिता स्वर्गातला, असे सर्वांदेखत सांगितले. बिशपांनी आपल्या झग्याने त्याला झाकले. बाप कपडे उचलून घरी गेला.

घरी गेल्यावर त्याचे काय झाले? हा प्रश्न मी प्रत्येक पुस्तकाला आणि प्रत्येक चित्रपटाला विचारतो. कोणी म्हणेल, हा साहित्याचा प्रश्न नव्हे. मला तो साहित्याचाच वाटतो. संताची थोरवी दाखवण्यासाठी ज्या लेखकाला बापाला मूर्ख करावे लागते, त्याला संतही नीट समजलेला नसतो. यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकतो. माझे वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. मी सेमिनरीत जाणार म्हटल्यावर ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. दोन महिने फक्त कामापुरते बोलले. रेल्वेच्या मुलाखतीसाठी त्यांनी माझ्या शर्टाचे कापड आधीच आणून ठेवले होते. जाण्याच्या आठवड्यात ते स्वतः शिंप्याकडे गेले. तो शर्ट घालून मी सेमिनरीच्या फाटकातून आत शिरलो. तेव्हा मला वाटले होते, की त्याग मी केला.

आता चित्रपट. आमच्या पिढीला असिसी दिली ती फ्रान्को झेफिरेल्ली यांच्या 'ब्रदर सन, सिस्टर मून' (१९७२) या चित्रपटाने. सेमिनरीत आम्ही तो व्हिडिओवर पाहिला आणि नंतर कितीतरी दिवस डोनोव्हनची गाणी गुणगुणत होतो. आजही धर्मशिक्षणाच्या वर्गात हाच दाखवला जातो. तो देखणा आहे, यात वाद नाही. पण त्यातली गरिबी फुलांच्या शेतात राहते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापी-गिरणेच्या काठी निंदणी-खुरपणीची वाट पाहणाऱ्या बाईला ते शेत दाखवा, ती विचारील, इथे पाणी कोण देते? आणि बाप! झेफिरेल्लींचा बेर्नार्दोने हा लोभी, गडगडाटी, जवळजवळ हास्यास्पद गृहस्थ आहे. असा बाप सोडणे काही कठीण नाही. मुलगा खिडकीतून कापडाचे तागे खाली भिरकावतो, प्रेक्षकाला आनंद होतो. तागे कोणी विणले, हे कोणी विचारत नाही. तरी एका दृश्यासाठी मी या चित्रपटाचे पुष्कळ माफ करतो. फ्रान्सिस घराच्या तळघरात उतरतो, तिथे रंगाच्या वाफेत बाया-माणसे कापड रंगवीत आहेत, आणि सुखवस्तू मुलाला आपले घर कशावर उभे आहे ते प्रथम दिसते. ते दृश्य मिनिटा-दोन मिनिटांचे आहे. चित्रपट तिथेच आणखी थोडा थांबला असता तर! शेवटी अ‍ॅलेक गिनेस यांचे पोप तिसरे इनोसंट खाली येऊन अनवाणी फ्रान्सिसच्या पायांचे चुंबन घेतात. तिथे मात्र मी अजूनही सावरून बसतो.

मायकेल कर्टिझ यांचा १९६१ चा 'फ्रान्सिस ऑफ असिसी' पाहिला नाही तरी चालेल. भव्य, रंगीत आणि आतून थंड. एकच गोष्ट सांगण्यासारखी : त्यात संत क्लाराची भूमिका केलेली डोलोरेस हार्ट ही नटी दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, अमेरिकेतील बेनेडिक्टाइन मठात दाखल झाली. चित्रपटापेक्षा ही हकिगत अधिक चांगली आहे.

ज्यांना एकच चित्रपट पाहायचा आहे, त्यांनी रॉबर्तो रॉसेलिनी यांचा १९५० चा पाहावा. इंग्रजीत तो 'द फ्लॉवर्स ऑफ सेंट फ्रान्सिस' या नावाने मिळतो. मूळ इटालियन नावाचा अर्थ मात्र वेगळा आहे. देवाचा विदूषक म्हणावे, की आपल्याकडील शब्द वापरून देवाचा सोंगाड्या? मला दुसरा अधिक पटतो. कथालेखनात तरुण फेडेरिको फेलिनी होते. संत आणि त्याचे सोबती यांच्या भूमिका खऱ्याखुऱ्या फ्रान्सिस्कन संघबंधूंनी केल्या आहेत, आणि त्यांना अभिनय येत नाही हेच चित्रपटाचे भाग्य. पडद्यावर ऊन नाही, पाऊस आहे. चिखलातून भिजत चाललेले बारा जण एका झोपडीशी येतात, तर आत एक शेतकरी आणि त्याचे गाढव. तो यांना हाकलून देतो आणि हे आनंदाने निघून जातात. शब्द थोडे, संगीत थोडे. आपल्याकडच्या प्रेक्षकाला पहिली दहा मिनिटे वाटेल, की काही घडतच नाही. धीर धरावा.

यातला भाऊ जिनेप्रो हा खरा मासला आहे. आजारी सोबत्याला डुकराच्या पायाचे कालवण खावेसे वाटते. जिनेप्रो रानात जातो, चरणाऱ्या जिवंत डुकराचा पाय कापून आणतो आणि दयाधर्म केला म्हणून खूश होतो. डुकराचा मालक संतापून येतो. फ्रान्सिस जिनेप्रोला क्षमा मागायला पाठवतो. शेवटी तो मालक, मनातला राग तसाच ठेवून, उरलेले डुकर यांच्यापुढे आणून टाकतो. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला बोचते. पुण्य जिनेप्रोचे, डुकर दुसऱ्याचे. फोलिन्योच्या बाजारात विकलेले कापड तरी कोणाचे होते? रॉसेलिनींनी बापाचा प्रसंग चित्रपटात घेतलाच नाही. परंतु दुसऱ्याच्या मालावर केलेल्या दानाचा प्रश्न त्यांनी या डुकराच्या निमित्ताने, कोणालाही दुष्ट न ठरवता, पुरा मांडला आहे. मालकाला रागावण्याचा हक्क त्यांनी दिला आहे.

आणि रात्रीचा कुष्ठरोग्याचा प्रसंग. फ्रान्सिस अंधारात एकटा प्रार्थनेत आहे. घंटेचा आवाज येतो. रोगी वाटेने चालला आहे, थांबत नाही. फ्रान्सिस त्याच्या मागे जातो, त्याला मिठी मारतो. रोगी काही न बोलता पुढे निघून जातो. फ्रान्सिस जमिनीवर कोसळून रडतो. चमत्कार होत नाही, कोणी बरे होत नाही. आपल्या कीर्तनांतून आणि प्रवचनांतून, माझ्या प्रवचनांतूनसुद्धा, हा प्रसंग इतक्या संयमाने कधी सांगितला गेल्याचे मला आठवत नाही.

चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली, तिच्या धर्मविषयक भागात हा चित्रपट आहे. त्याच यादीत लिलियाना काव्हानी या बाईंचा 'फ्रान्चेस्को' (१९८९) आहे. मुलांना घेऊन पाहण्यासारखा तो नाही. चिखल, रक्त, भूक यांत काही राखून ठेवलेले नाही. मिकी रूर्क या तगड्या नटाला फ्रान्सिस म्हणून स्वीकारायला अर्धा तास लागतो. मात्र त्याची मांडणी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. फ्रान्सिस गेल्यानंतर सोबती आणि क्लारा एकत्र बसून आठवणी जुळवीत आहेत, एकाचे आठवणे दुसऱ्याला पुरे पडत नाही. तेराव्या शतकातच आपल्याकडे म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा अशाच माणसामाणसाला विचारून गोळा केल्या. गुरू डोळ्यांआड झाल्यावर शिष्यांची जी धांदल होते, ती दोन्हीकडे सारखीच.

पुस्तकांकडे वळतो. चेलानोच्या थॉमसने फ्रान्सिसला संतपद मिळाल्यावर, १२२८-२९ मध्ये, पहिले चरित्र लिहिले. पुढे संत बोनाव्हेंचर यांचे चरित्र संघाने प्रमाण मानले आणि १२६६ मध्ये आधीची चरित्रे नष्ट करण्याचा ठराव केला. सुदैवाने तो ठराव पुरता अमलात आला नाही. चौदाव्या शतकातील 'फिओरेत्ती' म्हणजे छोट्या कथांचा संग्रह. इंग्रजीत सहज मिळतो, घरात मोठ्याने वाचण्यास उत्तम. परंतु मला जी गोष्ट हवी होती ती 'तीन सोबत्यांची कथा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ग्रंथात सापडली. निवाड्यानंतर बाप-लेक एकाच गावात राहत होते. रस्त्यात भेट झाली, की बाप शाप देई. तेव्हा फ्रान्सिसने एका गरीब, टाकून दिलेल्या माणसाला बरोबर घेतले आणि सांगितले, की माझ्या बापाने शाप दिला की तू मला आशीर्वाद दे. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. संताला बापाचा शाप ऐकू येत होता आणि तो लागत होता. कपडे उतरवण्याच्या भव्य प्रसंगापेक्षा हे लहानसे सांगणे मला मोठे वाटते. आश्चर्य म्हणजे, मी पाहिलेल्या चित्रपटांपैकी एकाचाही तो प्रसंग माझ्या मनात राहिलेला नाही.

चेस्टरटन यांचे १९२३ चे छोटे पुस्तक आमच्या सेमिनरीत फार वाचले जाई. जो माणूस डोक्यावर उभा राहतो त्याला जग देवाच्या हाताला लोंबकळताना दिसते, ही त्यांची कल्पना विसरता येत नाही. पण चरित्र आधी ठाऊक असेल तरच पुस्तक चव देते; आणि त्यांचे इंग्रजी, खरे सांगायचे तर, कोलांटउड्या फार मारते. कझानझाकिस यांची १९५६ ची फ्रान्सिसवरील कादंबरी मी सरांना दिली, बाईंना दिली नाही. ती भाऊ लिओच्या तोंडून सांगितलेली आहे. लिओ भुकेला बळी पडणारा, थकणारा, तुमच्या-माझ्यासारखा माणूस, म्हणून आपण त्याच्या मागे चालू शकतो. परंतु लेखकाला देहाचे क्लेश इतके आवडतात, की संताचा आनंद कुठे तरी मागे राहतो.

असिसीच्या वरच्या बॅसिलिकेत भिंतीवर २८ चित्रांत संताचे जीवन रंगवले आहे. ती जोत्तो या चित्रकाराच्या नावाने ओळखली जातात. कर्तृत्वाबद्दल विद्वानांत वाद आहे. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात छताचा काही भाग कोसळून तेथे चौघांचा मृत्यू झाला. दुरुस्ती होऊन १९९९ मध्ये ते मंदिर पुन्हा उघडले. जाण्यापूर्वी त्यातले निवाड्याचे चित्र छापील पुस्तकात नीट पाहून घ्यावे. बाप पिवळ्या वेषात उभा आहे, हातावर मुलाचे उतरवलेले कपडे आहेत, आणि मागून एकाने त्याचा हात धरला आहे. मुलगा वर पाहतो आहे, बाप मुलाकडे पाहतो आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला जे दिसले, ते झेफिरेल्लींना दिसले नाही.

आणि आता एक मराठी पुस्तक, ज्याचा असिसीशी वरवर काही संबंध नाही. १९०७ साली जळगावला मराठी कवींचे संमेलन भरले. तिथे धरणगावच्या एका सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' हे नाव मिळाले आणि तिथेच त्याला रेव्हरंड नारायण वामन टिळक भेटले. टिळक त्याला नगरला आपल्या घरी घेऊन गेले. एक फुलांचा कवी, दुसरा निर्झरांचा आणि पाखरांचा. फ्रान्सिसच्या गोतावळ्यात दोघेही शोभले असते. टिळक आपल्या पंथाचे नव्हते, पण १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ज्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यांना असिसीत कोणी परके म्हटले नसते. मला सांगायचे आहे ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'विषयी. देवाचे वेड लागलेल्या माणसाच्या घरात मागे राहणाऱ्या माणसांचे काय होते, हे त्या पुस्तकाइतके स्वच्छ मी कुठे वाचलेले नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे ताटातूट, अपमान, नातेवाइकांची दारे. पुढेही हाती आलेला पैसा घरात टिकेल याची शाश्वती नाही. आणि बाई हे सगळे हसत सांगतात, स्वतःवरही हसतात, नवऱ्याला ना देव करतात ना खलनायक. पिकाने मुलाची बेडी सोडली एवढेच आपल्याला ठाऊक आहे. तिने काही लिहून ठेवले नाही. तिने लिहिले असते, तर ते या पुस्तकाच्या जवळपास असते, असे मला वाटते. विजया मेहता यांनी त्यावर दूरदर्शनसाठी केलेला चित्रपट मिळाला, तर तोही पाहावा.

सूर्यगीताविषयी थोडेसे. १२२५ मध्ये सान दामियानोला, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, फ्रान्सिसने ते रचले. लॅटिनमध्ये नाही, उंब्रियाच्या लोकबोलीत. इटालियन काव्याच्या आरंभीच्या रचनांत ते मोजतात. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पर्यावरणविषयक परिपत्रकाचे नाव त्यातलेच. त्याचे भाषांतर इंग्रजीत वाचण्याआधी असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी पुन्हा वाचून घ्या. त्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचे इतरांनी टिपून घेतले, त्याही शेतातल्या बोलीत माती, वारा, जन्म-मरण यांना घरच्या माणसांप्रमाणे बोलावतात. खानदेशी कानाला फ्रान्सिस तिथूनच लवकर कळेल.

असिसीत उतरल्यावर मी सरांना दोन जागा चुकवू नका म्हणून सांगितले. एक, नव्या चर्चच्या चौकातील संताच्या आईबापांचा पुतळा. दोघे शेजारी शेजारी उभे आहेत आणि आईच्या हातात तुटलेली साखळी आहे. दुसरी, जिथे फ्रान्सिसने कपडे उतरवले असे मानतात ते तीर्थमंदिर. तिथेच ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेला कार्लो अ‍ॅक्युतिस हा पंधराव्या वर्षी गेलेला मुलगा चिरविश्रांती घेत आहे, जीन्स आणि खेळाच्या बुटांसह. त्याचे आईवडील त्याच्या संतपदाच्या सोहळ्याला हजर होते. हे ऐकून बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "फादर, बेर्नार्दोनेसाठी तिथे मेणबत्ती लावली तर चालेल ना?" मी म्हटले, "माझ्याही नावाने एक लावा."

रॉसेलिनींचा चित्रपट ४ ऑक्टोबरच्या सणाआधीच्या शनिवारी संध्याकाळी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात दाखवणार आहोत. संवाद इटालियनमध्ये आहेत, खाली इंग्रजी येते. मी शेजारी बसून मराठीत सांगेन. धुळे, चाळीसगाव, भुसावळकडून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ पाहून यावे. चित्रपट दीड तासाच्या आतच संपतो.